हार्ट फेल्युअर, व्यायाम आणि रक्ताचा रिपोर्ट: या चुका टाळा

लातुरात हार्टच्या पेशंटांचा व्यायाम घेते, त्याला आता चौदा वर्षं झाली. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय पुरेसं रक्त ढकलू शकत नाही. "पंपिंग तीस टक्केच राहिलंय" म्हणत येणारा माणूस घाबरलेला असतो आणि ते साहजिकच आहे. मला वैताग येतो तो त्याच्यासोबत आलेल्या जावयाचा, ज्याच्या मोबाइलमध्ये चार रिपोर्टांचे फोटो असतात आणि रक्तातल्या बीएनपीबद्दल (हृदयावर ताण आला की वाढणारा पदार्थ) एकच प्रश्न असतो: "व्यायाम करून आकडा कमी का नाही झाला?" म्हणून हे लिहितेय. डॉक्टरांनी व्यायामाला हो म्हटलंय असं धरून पुढचं वाचा. बसल्या जागी दम लागत असेल किंवा पायावरची सूज नुकतीच वाढली असेल, तर आधी दवाखाना.

दोन वेगळ्या तपासण्यांचे आकडे शेजारी ठेवणं

या चुकीनं माझं जितकं डोकं फिरवलंय तितकं कशानंच नाही.

औशाकडचे एक निवृत्त गुरुजी माझ्याकडे यायचे. पहिल्या दिवशी सहा मिनिटांत २७० मीटर चालले, तेही दोनदा भिंतीला टेकून. अडीच महिन्यांत ३६० मीटरवर आले. दिवाळीला मुलाकडे संभाजीनगरला गेले. पोरानं हौसेनं रक्त तपासून घेतलं. आमच्या जुन्या कागदावर होतं बीएनपी ४१०. नव्या कागदावर आलं एनटी-प्रोबीएनपी १६५०. मुलाचा समज असा की 'प्रो' म्हणजे मोबाइलच्या प्रो मॉडेलसारखी जरा भारीतली तपासणी, बाकी तीच. म्हणजे चौपट वाढलं! कागद फॅमिली ग्रुपवर गेला, पुण्याच्या आत्यानं 'व्यायामाने हृदयावर ताण येतो' असा एक फॉरवर्ड टाकला आणि गुरुजी पलंगावर गेले. दीड महिना.

परत आले तेव्हा २३० मीटर. सोबत काकू होत्या. "संडासला बी भिंत धरून जायलेत की ओ मॅडम," एवढंच म्हणाल्या.

आता यात नेमकं काय चुकलं ते नीट समजून घ्या. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की तिथल्या पेशी एक मोठा रेणू तयार करतात. तुरीची शेंग फुटावी तसे त्याचे दोन भाग होतात. एक बीएनपी, जो शरीरात काम करतो: लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढतो, रक्तवाहिन्या सैल करतो. दुसरा एनटी-प्रोबीएनपी, जो नुसता रक्तात फिरतो. पहिला साधारण वीस मिनिटांत निम्मा होतो, दुसऱ्याला एक-दोन तास लागतात आणि त्याची विल्हेवाट बरीचशी किडनीवर अवलंबून असते. त्यामुळे दुसऱ्याचा आकडा मुळातच कितीतरी मोठा येतो. साध्या ओपीडीत हार्ट फेल्युअर नाही असं म्हणण्यासाठी बीएनपीची रेघ ३५ आहे आणि एनटी-प्रोबीएनपीची १२५. एकावरून दुसरा काढायचा पक्का गुणाकार नाही. गुरुजींचं काहीच चौपट झालं नव्हतं.

वर त्यांची गोळीही मध्येच बदललेली. सॅक्युबिट्रिल-वल्सार्टन सुरू झालं होतं. ही गोळी बीएनपी तोडणारं एन्झाइम अडवते, त्यामुळे माणूस सुधारत असतानाही बीएनपी वर जाऊ शकतं. एनटी-प्रोबीएनपीला ते एन्झाइम तोडत नाही, म्हणून ही गोळी चालू असेल तर तीच तपासणी बघायची. म्हणजे मुलानं चुकून योग्य तपासणी केली होती, फक्त तिची तुलना भलत्याशी केली.

माझी सवय सांगते. दोनशे पानी वही. प्रत्येक रिपोर्टसाठी एक ओळ: तपासणीचं पूर्ण नाव, लॅब, युनिट, तारीख, त्या दिवशीचं सकाळचं वजन आणि मधल्या काळात बदललेली गोळी. युनिट लिहायला कंटाळू नका. एनटी-प्रोबीएनपीचा लिटरमागे एक पिकोमोल म्हणजे मिलिलिटरमागे जवळजवळ साडेआठ पिकोग्रॅम. दोन लॅबनी दोन युनिटं वापरली, तर घरात सुतक आल्यासारखं होतं किंवा उगाच पेढे वाटले जातात.

फिरून आल्या पावली रक्त देणं

लॅब बागेच्या वाटेवरच आहे, म्हणून. अहो, व्यायामानंतर हे आकडे काही काळ वर जातात, जोर जास्त झाला तर ट्रोपोनिनसुद्धा (हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते बघायची रक्ततपासणी). त्यात वावगं काही नाही, पण तो आकडा त्या फेरीचा असतो, तुमच्या तीन महिन्यांचा नसतो. आदल्या दिवशी दमणूक नको, सकाळी थोडं स्वस्थ बसा, मग हात पुढे करा.

आणि दर पंधरा दिवसांनी तपासू नका. काहीही न करता हा आकडा खालीवर होतच असतो. तीस टक्क्यांपेक्षा कमी हलला तर मी हलला असं धरतच नाही. १६५० चे १४०० झाले म्हणून फोन करणाऱ्यांना मी नम्रपणे 'बरं' म्हणते.

घड्याळातल्या नाडीच्या मागे पळणं

उदगीरचे एक कापड दुकानदार, वय ४८. मी सांगितलेलं दहा मिनिटांचं चालणं त्यांना अपमानास्पद वाटलं. यूट्यूबवर बघून त्यांनी २२० मधून वय वजा केलं, १७२ आले. त्याचे ८० टक्के म्हणजे १३८. मनगटावर नवं घड्याळ. तेवढी नाडी येईपर्यंत पळायचं असं ठरवलं. पण ते कार्व्हेडिलॉल घेत होते. ही बीटा-ब्लॉकर गोळी नाडी मुद्दाम खाली धरते, त्यासाठीच देतात. साहेब पळतायत, नाडी ११२ च्या वर जाईना, म्हणून अजून जोर. शेवटी मैदानातच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बसले. नशीब, बसले, पडले नाहीत.

मला म्हणाले, "घड्याळ खराब आहे काय?"

घड्याळ ठीक होतं. तो हिशोब बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यासाठी नाहीच. नाडी अनियमित असेल तर आणखीच निरुपयोगी. आमच्याकडे ६ ते २० ची बोर्ग पट्टी असते, आपल्याला किती कष्ट वाटतायत ते आकड्यात सांगायची, त्यात ११ ते १३ म्हणजे 'हलकं ते थोडं कष्टाचं' एवढ्यात राहायचं. आकडे आवडत नसतील तर माझी देशी पद्धत घ्या: चालताना अभंग सुरात म्हणता येत असेल तर वेग वाढवायला हरकत नाही. गाता येत नाही पण सोबत्याशी गप्पा होतात, हा बरोबर वेग. दोन शब्दांवर धाप लागली तर कमी करा. सुरुवात पाच-दहा मिनिटांनी. आधी मिनिटं वाढवायची, वेग नंतर. सुरुवातीला आणि शेवटी हळू चालायचं. एकदम थांबायचं नाही.

धापा टाकत केलेला व्यायाम जास्त गुणाचा, हा समज तरुण पेशंटांमध्ये फार. युरोपात २६१ पेशंटांवर याची तुलना झाली, २०१७ मध्ये निकाल छापून आला. थांबून-थांबून जोराचा व्यायाम करणाऱ्यांचं हृदय मध्यम गतीनं चालणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं नाही. आणि जोराच्या गटातल्या निम्म्या लोकांना सांगितलेला जोर गाठताच आला नव्हता.

आकडा उतरला नाही म्हणून व्यायाम सोडणं

व्यायामानं एनटी-प्रोबीएनपी उतरतं असं बऱ्याच अभ्यासांमध्ये दिसलंय, पण प्रत्येकाचं उतरत नाही आणि महिन्याभरात तर नाहीच. पायाच्या स्नायूंना आधी फायदा होतो, हृदयाला मागाहून. २००९ चा एचएफ-अ‍ॅक्शन हा मोठा अभ्यास बघा: २,३३१ पेशंट, तीन महिन्यांत देखरेखीखाली ३६ सत्रं, मग घरी. मृत्यू आणि अ‍ॅडमिशन मिळून जो फरक पडला तो लहानच निघाला. पण व्यायाम सुरक्षित ठरला आणि लोकांना बरं वाटलं. त्यातही बऱ्याच जणांना घरी ठरलेली मिनिटं पाळता आली नाहीत. हे वाचून मला हसू आलं. म्हणजे तिकडंही आमच्यासारखीच माणसं आहेत.

नुसत्या आकड्याच्या मागे लागूनही उपयोग नाही. एनटी-प्रोबीएनपी १००० च्या खाली आणायचंच असं धरून औषधं देण्याचा प्रयोग अमेरिका-कॅनडात झाला. नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरला नाही म्हणून मध्येच थांबवला गेला.

लहानसहान

केस गळतात म्हणून बायोटिन चालू असेल तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा. तपासणीच्या काही किटांवर त्यामुळे आकडा खोटाच कमी येतो.

स्थूल माणसाचा आकडा कमी आला म्हणून हृदय ठणठणीत असं नाही. लठ्ठपणात तो कमीच येतो.

वजन उचलताना श्वास कोंडू नका. विहिरीची मोटर एकट्यानं ओढणं हा व्यायाम नव्हे.

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे चाळिशी पार होते. सहाला निघा, सातच्या आत घरी. आणि ऊन लागलं म्हणून ओआरएसची पाकिटं फोडू नका, त्यात मीठ असतं. स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी चालू असेल तर रोजचं नारळपाणीही डॉक्टरांना विचारून, पोटॅशियम वाढतं.

आकडा खरंच वाढला तर

तीच लॅब, तीच तपासणी, आणि वाढ तीस टक्क्यांच्या वर. तेव्हा मी विचारते ते असं. तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं का? असेल तर आजच डॉक्टरांना फोन. लघवीची गोळी चुकली का? बहुतेकदा लग्नाला जायचं म्हणून चुकवलेली असते, एसटीत लघवीला लागते ना. लग्नात जेवण काय होतं? ठेचा, लोणचं, पापड किती? खोकला-ताप? नाडी उडते का? क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, कधी केली?

आणि सगळ्यात लबाड कारण: चालायला लागल्यावर गुडघा दुखला म्हणून मेडिकलवरून आणलेली दुखण्याची गोळी. डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या शरीरात मीठ-पाणी अडवतात आणि किडनीलाही त्रास देतात. पेशंट ती गोळी औषधात धरतच नाही, त्यामुळे 'दुसरं काही घेता का' विचारलं तर 'नाही' म्हणतो. मी पाकिटंच आणायला सांगते. पिशवी टेबलावर उलटी केली की निघतेच. चालण्यावर संशय घ्यायची पाळी माझ्याकडे सगळ्यात शेवटी येते.

शेवटचं, हात जोडून. रिपोर्टचा फोटो पाठवताना लाल अक्षरातला आकडाच मोठा करून पाठवू नका. तपासणीचं नाव, युनिट आणि तारीख दिसेल असा अख्खा कागद पाठवा, तोही उजेडात धरून.