घरचा हॉट डॉग: सॉसेज फुटू नये, पाव भिजू नये

हॉट डॉग बिघडतो तो ठरावीक जागी. सॉसेज फुटून कोरडं पडतं, पाव ओला होऊन तळाशी फाटतो, आणि वर घातलेलं सगळंच मऊ असल्यामुळे दाताखाली काही येत नाही. नवनवी टॉपिंग शोधण्याआधी एवढं सांभाळलं तर नुसतं मस्टर्ड आणि चिरलेला कांदा घातलेला हॉट डॉगही उत्तम लागतो.

आधी सॉसेज. हॉट डॉगसाठी मिळणारी बहुतेक सॉसेजेस कारखान्यातच शिजवलेली असतात. आपण ती फक्त आतपर्यंत गरम करायची आणि बाहेरून खरपूस करायची. तरी पाकीट वाचाच, कारण तशाच आकाराची कच्ची सॉसेजेसही मिळतात. ती कापून बघण्यापेक्षा मधोमध थर्मामीटर खुपसावा: डुकराच्या किंवा गायीच्या मांसाचं सॉसेज ७१ अंश सेल्सिअसपर्यंत, कोंबडीचं ७४ पर्यंत जायला हवं. शिजवलेलं सॉसेजही गरोदर स्त्रिया, वृद्ध आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना देताना ७४ अंशांपर्यंत, वाफा निघेपर्यंत तापवावं. लिस्टेरिया नावाचा जिवाणू फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि पाकिटातून थेट काढलेल्या सॉसेजमध्ये तो असू शकतो.

सॉसेज फुटतं ते जोरात उकळल्यामुळे किंवा मोठ्या आचेवर टाकल्यामुळे. आतल्या पाण्याची वाफ होते, दाब वाढतो आणि साल तग धरत नाही. नळीच्या आकारात घेराच्या दिशेचा ताण लांबीच्या दिशेच्या दुप्पट असतो, म्हणून चीर नेहमी उभीच जाते. त्या चिरेतून चरबी आणि रस निघून गेले की उरतो तो चिवट, फिका चोथा.

घरच्या स्वयंपाकघरात सगळ्यात भरवशाची पद्धत तव्याची आहे. खोलगट तव्यात चार सॉसेजेस आणि पाव कप पाणी घ्या, झाकण ठेवा, मध्यम आचेवर ३ मिनिटं ठेवा. झाकण काढून पाणी आटू द्या. मग एक चमचा तेल किंवा लोणी घालून, सॉसेजेस सतत फिरवत, आणखी ३–४ मिनिटं परता. पाणी आहे तोवर तवा १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे आतला भाग सावकाश गरम होतो. पाणी आटल्यावरच सालीला रंग चढतो. दोन्ही कामं एकाच वेळी मोठ्या आचेवर उरकायला गेलात तर बाहेर काळं आणि आत गार.

उकडायचंच असेल तर पाणी ८० ते ८५ अंशांवर ठेवा: तळाशी बारीक बुडबुडे दिसावेत, पण पाणी खदखदू नये. ६–७ मिनिटं पुरतात. पाण्यात थोडं मीठ टाकलं तर सॉसेजमधलं मीठ आणि चव बाहेर कमी उतरते. ओव्हनमध्ये २०० अंशांवर १२–१५ मिनिटं, एअर फ्रायरमध्ये १९० अंशांवर ५–६ मिनिटं. मायक्रोवेव्ह अगदी घाईतच वापरावा, आणि तेव्हाही काट्याने टोचून, ओल्या कागदी रुमालात गुंडाळून. कोळशाच्या ग्रिलवर निखारे एका बाजूला ओढा, सॉसेजेस निखारे नसलेल्या बाजूला गरम करून घ्या आणि शेवटचं मिनिटभरच निखाऱ्यांवर आणा.

आता करामती. सगळ्यात कमी कष्टांत सगळ्यात जास्त फरक पाडते ती मळसूत्री चीर. सॉसेजमधून लांबीत काडी घाला. सुरी तिरकी धरून काडीला टेकेपर्यंत कापा आणि सुरी तिथेच ठेवून सॉसेज गोल फिरवत न्या, म्हणजे एकच सलग चीर पडते. दोन वळणांमध्ये साधारण १ सेंमी अंतर असू द्या. त्याहून कमी ठेवलं तर वळणं तुटतात. काडी काढून किंचित ताणा. वाफेला वाट मिळते, कडा कुरकुरीत होतात आणि सॉस खाचांत अडकून राहतो. उघडा भाग वाढल्यामुळे असं सॉसेज लवकर होतं आणि लवकर कोरडंही पडतं, तेव्हा ते पाण्यात टाकू नका. थेट तव्यावर तेलात ४ मिनिटं पुरे. नैसर्गिक आतड्याचं आवरण असलेल्या सॉसेजवर मात्र ही चीर देऊ नये. चावताना ते आवरण तटकन तुटतं, हीच त्याची मजा आहे.

मेक्सिकोतल्या एर्मोसिओ शहरातून आलेल्या सोनोरा पद्धतीत सॉसेजला बेकन, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाची पट्टी, गुंडाळतात. पट्टी पातळ हवी. तिरकी गुंडाळत न्या, दोन्ही टोकं काडीने टोचा आणि टोकाची बाजू खाली करून गार तव्यात ठेवा. मगच मंद-मध्यम आच लावा, म्हणजे चरबी आधी वितळते आणि बेकन त्याच चरबीत तळलं जातं. १२–१५ मिनिटं लागतात. तापलेल्या तव्यात टाकलंत तर बेकन बाहेरून करपतं आणि सॉसेजला चिकटलेली बाजू कच्ची राहते. वर शिजवलेले पिंटो बीन्स, टोमॅटो, कांदा, मेयोनीज आणि हालापेन्यो या मेक्सिकन मिरचीचा साल्सा (तिखट चटणी).

काडीवरच्या कॉर्न डॉगसाठी आठ सॉसेजेसना १३० ग्रॅम मक्याचं बारीक रवाळ पीठ, १३० ग्रॅम मैदा, २ मोठे चमचे साखर, २ छोटे चमचे बेकिंग पावडर, अर्धा छोटा चमचा मीठ, एक अंडं आणि सुमारे २२० मिली दूध लागतं. पीठ १० मिनिटं मुरू द्या. मका पाणी शोषतो आणि घट्टपणा तेव्हा कळतो. चमच्यावर जाड थर राहायला हवा. सॉसेज कागदाने अगदी कोरडं पुसा आणि मैद्यात घोळवा. बहुतेकांचं आवरण गळून पडतं ते इथलाच ओलावा राहिल्यामुळे. पीठ उंच ग्लासात ओतून सॉसेज उभं बुडवा, १७५–१८० अंशांच्या तेलात फिरवत ३–४ मिनिटं तळा. तेल थंड असेल तर आवरण तेलकट होतं, फार तापलं तर बाहेर रंग येऊनही आतलं पीठ चिकट राहतं.

पावाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. फ्रिजमधला गार पाव उघडायला गेलं की मागची कड फाटते. म्हणून आधी कोमट करा, मग उघडा. कापताना मागची १ सेंमी कड जोडलेली ठेवा. आतल्या दोन्ही बाजूंना लोण्याचा पातळ हात देऊन तव्यावर उपडं शेकलं की दोन गोष्टी साधतात: लोणी ओलावा अडवतं आणि शेकलेला थर सॉस सावकाश शोषतो. चिली (खिम्याचा मसालेदार सॉस) किंवा कांद्याचा सॉस असा ओला माल घालायचा असेल तर पाव शेकायलाच हवा. शिकागोच्या पद्धतीत मात्र खसखस लावलेला पाव वाफवतात. घरी चाळणीत ठेवून ४०–६० सेकंद वाफ पुरते. त्याहून जास्त ठेवलात तर पाव हातात लगदा होतो.

रचतानाचा क्रम पाळा. पातळ सॉस सॉसेजवर, पावावर नाही. त्यावर कांदा-काकडीसारखे तुकडे, मग चीज, सगळ्यात शेवटी भुरभुरायचे मसाले. पाण्यातून काढलेलं सॉसेज पावात ठेवण्याआधी पुसा. आंबवलेला कोबी घालणार असाल तर मुठीत दाबून पिळा, नाहीतर सगळं पाणी पावात उतरतं.

शिकागो हॉट डॉग म्हणजे पिवळं मस्टर्ड, हिरवंगार गोडसर काकडीचं रेलिश (बारीक चिरलेलं लोणचं), कच्चा कांदा, टोमॅटोच्या फाका, खारवलेल्या काकडीची लांब फाक, व्हिनेगरमधल्या छोट्या मिरच्या आणि वर सेलरी सॉल्ट. केचप नाही. हा नियम आडमुठा वाटेल, पण गोडवा रेलिशमधून आलेलाच असतो आणि आंबटपणा काकडी-टोमॅटोतून. केचप घातल्यावर बाकीचं झाकलं जातं. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशातल्या इटालियानो हॉट डॉगमध्ये टोमॅटो, कुस्करलेला अव्होकाडो आणि भरपूर मेयोनीज असतं. इटलीच्या झेंड्याचे रंग. अव्होकाडोत लिंबू आणि मीठ नीट घाला, नाहीतर सगळंच सपक लागतं. आइसलँडमध्ये कच्चा आणि तळलेला कुरकुरीत असा दोन्ही कांदा घालतात, आणि तो जोडीनेच घालण्यात अर्थ आहे: एक तिखट रसाळ, दुसरा गोडसर कुरकुरीत.

न्यूयॉर्कच्या गाड्यांवरचा कांद्याचा सॉस घरी सहज होतो. ३०० ग्रॅम कांदा पातळ उभा चिरून मोठा चमचाभर तेलात मध्यम आचेवर १० मिनिटं परता. तपकिरी होऊ देऊ नका. अर्धा कप पाणी, २ मोठे चमचे केचप, अर्धा छोटा चमचा लाल तिखट, चिमूटभर दालचिनी आणि चमचाभर व्हिनेगर घालून १०–१२ मिनिटं मंद शिजवा. चमचा फिरवल्यावर तव्याचा तळ क्षणभर दिसला की झाला.

डेट्रॉइटच्या कोनी डॉगवरची चिली बीन्सशिवाय, बारीक भुग्यासारखी असते. त्यासाठी २५० ग्रॅम खिमा तेलात परतू नका. कच्चा असतानाच एक कप थंड पाण्यात बोटांनी मोकळा करा, मग आचेवर ठेवा. गरम तव्यावर टाकलेला खिमा गोळे धरतो आणि ते पुढे फुटत नाहीत. टोमॅटो पेस्ट, जिरेपूड, तिखट, लसूण आणि मीठ घालून ३०–४० मिनिटं आटवा.

शाकाहारी सॉसेजेसमध्ये चरबी कमी असते, म्हणून ती लवकर सुकतात: तेलाचा हात द्या, मध्यमपेक्षा कमी आच ठेवा, उकळू नका. गाजराचाही छान हॉट डॉग होतो. सोललेलं जाड गाजर सुरी किंचित अडखळत आत जाईल इतपतच उकडा, म्हणजे १०–१२ मिनिटं. मग ३ मोठे चमचे सोया सॉस, १ मोठा चमचा व्हिनेगर, धुरकट पाप्रिका, लसूण आणि अर्धा कप पाणी यांच्या मिश्रणात रात्रभर ठेवा आणि तेलात खरपूस करा. पूर्ण मऊ शिजलेलं गाजर मुरवणात रात्रभर राहिलं की कुस्करतं.

चार वर्षांखालच्या मुलांना हॉट डॉग गोल चकत्या करून देऊ नका. ती चकती श्वासनलिकेत नेमकी अडकते. आधी लांबीत चार भाग करा, मग बारीक तुकडे. आणि बरीच माणसं जेवायला असतील तर तयार सॉसेजेस झाकण ठेवून ६५ अंशांच्या पाण्यात ठेवा, पाव मात्र प्रत्येकाचा खायला बसतानाच शेका.