वडिलांचा जुना कॅमेरा सापडला? आधी या चुका टाळा

आलमारीवरच्या पेटीतून वडिलांचा कॅमेरा निघाला की ‘उघडून त पाह्य’ म्हणणारा एक जण घरात असतोच. त्याला आवरा. आत अर्धा काढलेला रोल असला तर झाकण उघडताच फोटो गेले. कॅमेरा दुसरा मिळेल, ते फोटो मिळणार नाहीत.

रोल आहे का, हे न उघडता कळतं. ३५ एमएमच्या कॅमेऱ्यात डावीकडची रिवाइंडची खुंटी बाणाच्या दिशेनं हलकेच फिरवा. थोडी सैल फिरून अडली, तर रोल आहे. मग तळाचं बारीक बटण दाबा आणि ताण एकदम सुटेपर्यंत खुंटी फिरवत राहा. आग्फा क्लिक थ्रीचं उलटं आहे: त्यातला १२० चा, पाठीला कागद असलेला रुंद रोल मागे गुंडाळायचा नसतोच. पाठीवरच्या लाल खिडकीत आकडा दिसला, तर कागद संपेपर्यंत पुढे फिरवा, अंधारात काढा आणि लगेच पट्टी चिकटवा.

गावच्या स्टुडिओत आता रोल धुणं बंद झालंय. नागपूर-अमरावतीलाही आधी फोन करून विचारा. डबीवर सी-४१ (रंगीत फिल्म धुण्याची पद्धत) लिहिलंय का, ते पाहून सांगा. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ब्लॅक अँड व्हाइट इंदू रोल रंगीत फिल्मच्या केमिकलमध्ये गेला, तर कोराच निघेल. पत्र्याच्या घरात ४५ अंशांचे उन्हाळे काढलेला रोल धुरकट येणार, हे धरूनच चला. त्यातल्या त्यात ब्लॅक अँड व्हाइट जास्त तग धरतो.

शटर अडकलं म्हणून शिलाई मशीनचं तेल सोडू नका. ते पात्यांवर पसरलं की पाती चिकटतात आणि दहा रुपयांच्या तेलापायी कॅमेरा पूर्ण खोलावा लागतो.

याशिका इलेक्ट्रो ३५ असेल, तर ‘बंद आहे’ म्हणून भंगारात देण्याआधी सेल पाहा. सेल नसला की शटर फक्त १/५०० वर चालतं, त्यामुळे घरातले फोटो काळे येतात. त्याचा ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. ६ व्होल्टचा ४एलआर४४ सेल ॲडॅप्टर लावून चालतो. सेलच्या खोबणीत हिरवट-पांढरा थर असेल, तर कानाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा.

काचेवर जाळीसारखी बुरशी दिसली तरी कॅमेरा नवतप्याच्या उन्हात ठेवू नका; वंगण पातळ होऊन आत उतरतं. चामडी कव्हर ओल धरतं, ते वेगळं ठेवा. पावसाळ्यात कॅमेरा घट्ट डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.