आपल्या शेतात येणारं पाणी नेमकं कुठून येतं, ते कसं शोधायचं

दर पावसाळ्यात बेळगावचा बळ्ळारी नाला फुगला की येळ्ळूर, शहापूर, वडगाव शिवारातलं भात पाण्याखाली जातं आणि पाण्याचा राग सगळे नाल्यावर काढतात, पण ते पाणी निघालं कुठून हे बघायला कोण जात नाही. मी म्हणतो एक दिवस काढा आणि आपल्या शेताचं पाणलोट, म्हणजे जिथला पाऊस वाहून आपल्या शेताकडं येतो तेवढी सगळी जमीन, स्वतः चालून बघा.

मोठा पाऊस उघडला की लगेच निघायचं, विजा चमकत असतील तर मात्र थांबायचं. बांधावर उभं राहून गढूळ पाणी कुठल्या कोपऱ्यातून आत येतंय ते बघा आणि त्याच्या उलट दिशेनं चालत सुटा, ओहोळाला दुसरा ओहोळ मिळाला की मोबाईलवर मॅपमध्ये पिन टाका, असं करत करत वर जा, म्हणजे शेवटी अशी जागा येते की अलीकडचं पाणी तुमच्याकडं आणि पलीकडचं भलतीकडंच पळतंय. हीच तुमच्या पाणलोटाची हद्द. डोंगरात ती लगेच कळते, सपाट माळावर लई फसवते, तिथं रस्त्याचा भरावसुद्धा पाणी अडवून दुसरीकडं वळवतो, म्हणून प्रत्येक मोरी वाकून बघा.

खानापूर तालुक्यात हेच मोठ्या प्रमाणावर दिसतं. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा पूर्वेला जाऊन कूडलसंगमला कृष्णेला मिळते, म्हणजे तिचं पाणी बंगालच्या उपसागरात, आणि त्याच तालुक्यात भीमगडच्या जंगलातून निघालेली म्हादई गोव्यातून अरबी समुद्रात.

घरी आल्यावर टोपोशीटवर, म्हणजे जमिनीचा चढउतार रेषांनी दाखवणाऱ्या नकाशावर, पडताळा, समउंचीच्या रेषांचं टोक चढाकडं वळलेलं असेल तिथं ओढा, उताराकडं असेल तिथं डोंगराची सोंड.

आता हिशोब. १ हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १०,००० लिटर, तर १०० हेक्टरच्या पाणलोटावर ५० मिमी पडला की ५ कोटी लिटर. सगळं वाहून येत नाही, पहिल्या पावसाचं बरंचसं जमीन पिते, पण एकदा जमीन भिजून तुडुंब झाली की नंतरच्या पावसाचं जास्त पाणी ओढ्याला लागतं, आणि वर प्लॉट पडून काँक्रीट झालं असेल तर मुरायला जागाच राहत नाही.

मग खालच्या बाजूला जा. नाला कुठं बुजवलाय, कुठली मोरी अरुंद आहे त्याचे तारखेसकट फोटो काढा आणि मोरीच्या भिंतीवर रंगानं फुटाच्या खुणा मारून ठेवा, पुढच्या पावसात पाणी किती चढलं ते तिथंच वाचता येतं.