घरात नाहीतर शाळेत बोलणारा रोबोट आला तर त्याच्याशी वागायचं कसं

2024 मध्ये केरळात तिरुवनंतपुरमच्या एका शाळेत साडी नेसलेली आयरिस नावाची रोबोट टीचर आली. आपल्या यवतमाळ-वाशिमच्या झेडपी शाळेत असं काही यायला किती वर्षं लागतील ते सोडा, पोट्टे आताच मोबाइलमधल्या एआयशी तासन्तास बोलून रायले, तेव्हा तयारी आतापासून केलेली बरी.

एक गोष्ट पक्की धरा, लहान पोरगं किंवा म्हातारं माणूस रोबोटसोबत एकटं बसवायचं नाही, बाजूला घरचं कोणीतरी पायजेच. बाकी सगळं त्याच्यानंतर.

पहिल्या दिवशी बंद ठेवूनच दाखवा. हात लावू द्या, बोटं कशी वाकतात, कॅमेरा कुठं, चार्जिंगची पिन कुठं हे पोरांनीच शोधावं. मग चालू करा अन् दोन-चार प्रश्न झाले की हॉटस्पॉट बंद करा. यातले बरेच रोबोट आपला आवाज नेटवरून कंपनीच्या सर्व्हरकडं पाठवतात, उत्तर तिथून येते, म्हणून नेट गेलं की बोलणं तिथंच अडकते. हे पोरांना डोळ्यानं दिसलं पायजे, नुसतं सांगून नाही समजत. कोणी घाबरलं तर ओढत नेऊ नका. जपानच्या रोबोटतज्ज्ञ मासाहिरो मोरींनी 1970 मध्येच लिहून ठेवलंय की यंत्र माणसासारखं दिसू लागलं की आवडते पण जवळपास हुबेहूब झालं की अंगावर काटा येते, तेव्हा पोराला भित्रं म्हणू नका.

आजीचं वेगळं आहे. पोरं पुण्याले, घरात बोलायले कोणी नाही, मग हाक मारली की उत्तर देणारं काही मिळालं तर तिला ते आवडणारच, त्यात हसण्यासारखं काही नाही. 1966 मध्ये अमेरिकेत जोसेफ वायझेनबाउम यांनी एलिझा नावाचा प्रोग्राम केला होता, चेहरा नाही हात नाही, नुसतं टाइप करून बोलायचं, तरी त्यांचीच सेक्रेटरी त्याच्याशी बोलता बोलता मध्येच त्यांना म्हणाली, तुम्ही जरा बाहेर जा. तो बनताना पाहिलेल्या बाईचं असं झालं तर मग आजीचं काय घेऊन बसलात! औषधाची वेळ, हवामान, कापसाचा भाव खुशाल विचारू द्या, भाव मात्र बाजार समितीत फोन लावून पक्का करा कारण ही मशीन चुकीचंही ठासून सांगते. पण तुमचा फोन करायचा वार चुकवू नका, "रोबोट आहे ना सोबतीला" म्हणून तर अजिबातच नाही. अन् तिचं "काहून बोलत नाही बाप्पा" त्याला कळलं नाही तर आजीले शुद्ध बोल म्हणू नका, वऱ्हाडी न समजणं ही मशीनची कमी आहे, बाजूला बसलेल्यानं विचारून द्यावं.

पोट्टे त्याला टपल्या मारतील, शिव्या देतील, थांबवा. त्याला दुखत नाही हे खरं, पण हात उचलायची सवय पोरालेच लागते. नाव ठेवायचं तर ठेवा, काका-मावशी असं नातं मात्र लावू नका. मावशी म्हटलं की पोरगं तिला मनातलं सगळं सांगते, अन् ही मावशी ऐकलेलं कुठं ठेवते ते आपल्याले माहीत नसते. म्हणून ओटीपी, पासबुक, घरातली भांडणं तिच्यासमोर नको. शाळेत आणला असेल तर आवाज अन् फोटो कुठं जातात ते हेडमास्तरांना विचारा, 2023 च्या डेटा कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

तो बंद पडायची तयारी आणतानाच करा. अमेरिकेत मॉक्सी नावाचा पोरांसाठीचा रोबोट होता, 799 डॉलरचा. डिसेंबर 2024 मध्ये कंपनीनं कळवलं की आपण बंद होतोय, त्यासोबत रोबोटही बंद पडेल, अन् पोरांना समजवायची पाळी मायबापांवर आली. तुमच्याकडं असं झालं तर "रिपेरिंगला गेला" म्हणून लपवू नका. कंपनी बंद झाली, तू काही केलं नाहीस, असं सरळ सांगा. रडलं तर रडू द्या, अन् त्या दिवशी त्याले मित्रांसोबत वावरात न्या नाहीतर मामाकडं मुक्कामाला पाठवा.