शाळेची खरेदी झाली, तयारी राहिली: जूनमधील या चुका टाळा

जून लागला की नाशिकच्या मेन रोडवर आणि रविवार कारंजाच्या आसपास वह्या, दप्तरे आणि रेनकोट घेणाऱ्यांची एकच गर्दी उसळते. १५ जूनच्या सुमारास शाळा उघडायच्या असतात, त्यामुळे पुस्तकांना कव्हर घालून, नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून आणि गणवेशाला इस्त्री करून झाली की पालकांना तयारी संपल्यासारखे वाटते. वस्तू एका संध्याकाळीही आणता येतात. पण दीड महिना रात्री अकराला झोपून सकाळी नऊला उठलेले मूल एका संध्याकाळी बदलत नाही, आणि पहिल्या आठवड्यातील डोकेदुखी, चिडचिड, न खाल्लेला डबा या तक्रारींचे मूळ बहुतेक वेळा इथेच सापडते.

झोपेचे वेळापत्रक आदल्या रात्रीवर ढकलणे

ही चूक आम्ही स्वतः केलेली आहे. एका वर्षी चाळीसगावहून मामाकडचा मुक्काम आटोपून शाळेच्या आदल्या रात्री साडेदहाला नाशिकरोड स्टेशनवर उतरलो, घरी येऊन जेवून झोपायला बारा वाजले, आणि सकाळी सहाला मुलीला अक्षरशः उचलून न्हाणीघरात नेले. अर्धा ग्लास दूध पोटात गेले तेवढेच. प्रार्थनेच्या वेळी तिला घेरी आली आणि साडेनऊला घ्यायला या म्हणून शाळेतून फोन आला.

६ ते १२ वर्षांच्या मुलांना रोज ९ ते १२ तास झोप लागते, म्हणजे सव्वासहाला उठायचे असेल तर रात्री नऊच्या सुमारास डोळा लागायला हवा. येथे बहुतेक घरांत उलट्या टोकाने सुरुवात होते: मुलाला नऊला अंथरुणावर ढकलले जाते, ते तासभर कूस बदलत राहते आणि शेवटी सगळेच वैतागतात. शरीराचे घड्याळ प्रामुख्याने प्रकाशावर चालते, म्हणून आधी उठण्याची वेळ अलीकडे आणावी. रोज १५ ते २० मिनिटे लवकर उठवावे आणि लगेच गच्चीत किंवा अंगणात उजेडात न्यावे; रात्रीची झोप मग आपोआप अलीकडे सरकते. दोन तासांचा फरक भरून काढायला या हिशेबाने आठवडाभर लागतो. निजण्यापूर्वी तासभर मोबाइल बाजूला ठेवणे यातच आले, आणि ते मोठ्यांनाही लागू आहे.

आठवडा हाताशी नसेल, शाळा परवावर आली असेल, तर उद्याच शाळेच्या वेळेला उठवावे आणि दुपारी झोपू देऊ नये. त्या दिवशी मूल कुरकुरेल; ती कुरकुर घरी झालेली बरी.

यंदा चौथीतून पाचवीत जाणाऱ्या मुलांच्या पालकांनी वेळ आधी विचारून घ्यावी. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला; पाचवीपासून मात्र अनेक शाळांत सकाळचे सत्र सात वाजता सुरू होते. इयत्ता एकाने वाढते आणि पहाट दोन तासांनी अलीकडे येते, हे काहींच्या ध्यानात रिक्षावाल्या काकांचा फोन आल्यावरच येते.

‘पुढच्या वर्षीही चालतील’ असे बूट घेणे

मोठ्या मापाच्या बुटात पाय पुढे सरकतो, टाच घासून फोड येतो आणि तिसऱ्या दिवशी मूल लंगडत घरी येते. दुकानात बुटाच्या आतला सुटा तळवा बाहेर काढून मुलाला त्यावर उभे करावे. अंगठ्यापुढे बोटभर जागा उरली म्हणजे माप बरोबर. दिवसभरात पाय किंचित फुगतो, म्हणून खरेदी संध्याकाळी करावी, आणि घरी चार-पाच दिवस तास-तासभर मोजे घालून ते वापरू द्यावेत. पावसात भिजलेल्या बुटांत रात्री वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले की सकाळपर्यंत बरीच ओल ओढली जाते. चुलीजवळ किंवा हीटरपुढे ठेवल्यास मात्र तळ सुटतो.

दप्तराबाबत एकच हिशेब पुरतो. त्याचे वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असे केंद्राचे २०२० चे दप्तर धोरण सांगते. मूल २५ किलोचे असेल तर मर्यादा अडीच किलो, आणि एक लिटरची भरलेली स्टीलची बाटलीच किलोहून जास्त भरते. शाळेत पिण्याच्या पाण्याची सोय चांगली असेल, तर अर्ध्या लिटरची बाटली पुरे.

शाळेचा धाक घालणे

‘शाळा सुरू होऊ दे, मग बाई बघतील तुला’ हे वाक्य मे महिन्यात आपल्याकडे सर्रास ऐकू येते. महिनाभर ज्या जागेची भीती घातली, तिथे हसत जाण्याची अपेक्षा मग कशाच्या बळावर करायची? त्यापेक्षा शाळेवरून एक फेरी मारावी, वर्गातील एखाद्या मित्राला घरी बोलवावे. शेवटच्या आठवड्यात राहिलेला सगळा गृहपाठ एकदम लिहायला बसवणेही याच जातीचे. त्याऐवजी रोज अर्धा तास मोठ्याने वाचन आणि पाढे पुरेसे आहेत.

बालवाडीतल्या मुलाची नजर चुकवून निघून येऊ नये. त्या क्षणी रडणे टळते, परंतु दुसऱ्या दिवशी ते फाटकापासूनच हात सोडत नाही. ‘डबा खाल्लास की आजोबा घ्यायला येतील’ एवढे सांगून निरोप घ्यावा, आणि डबा खाल्ल्यावर आजोबा खरोखर तिथे उभे असावेत.

शाळेच्या सकाळी पोट दुखते आणि रविवारी दुखत नाही, असे दिसले तर ते ढोंग समजून रागावू नये. भीतीने पोट खरेच दुखते. अशा वेळी थोडे खायला देऊन शाळेत पाठवावे आणि संध्याकाळी वर्गात कुठे बसतो, डबा कोणाबरोबर खातो, हे सहज विचारावे. ताप, उलटी किंवा जुलाब असतील, किंवा दुखणे सुटीच्या दिवशीही राहत असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.