ई-मुलाकातीची विनंती सारखी नामंजूर होत असल्यास : माझा अनुभव
धाकटा भाऊ मराठवाड्यातील एका जिल्हा कारागृहात न्यायाधीन बंदी (खटल्याचा निकाल न लागलेला कैदी) असून त्याच्यासाठी ई-मुलाकातीच्या, म्हणजे बंदीच्या भेटीसाठी ऑनलाइन नोंदणी करण्याच्या, संकेतस्थळावर केलेली प्रत्येक विनंती नामंजूर होत होती. मोबाइल बदलला, सेतू केंद्रातून अर्ज केला. पैसे गेले, मनस्ताप उरला. अखेर वकिलांकडून वॉरंटची, म्हणजे ज्या न्यायालयीन आदेशाने भावाला कारागृहात ठेवले त्याची, प्रत मागवली, तेव्हा त्यात ‘ज्ञानेश्वर’ऐवजी ‘माउली’ हे घरातले नाव लागल्याचे दिसले.

मग स्वतःची माहिती, ओळखपत्राचा क्रमांक आणि स्वतःचाच ईमेल भरला. त्यानंतर राज्य व कारागृह निवडून बंदीचे व वडिलांचे नाव वॉरंटवर आहे तसेच, अक्षरही न बदलता लिहिले, भेटीचा प्रकार व्हिडिओ कॉन्फरन्सिंग निवडला, ओटीपी टाकला आणि नोंदणी क्रमांक वहीत उतरवला. मंजुरीनंतर जोडणीचा तपशील ईमेलवरच आला, त्यामुळे केंद्रचालकाचा ईमेल तेथे मुळीच देऊ नये.