उपासाच्या स्वयंपाकात लहान मुलांसोबत बडबडगीतं कशी रचायची

आषाढी, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र, महाशिवरात्र... आपल्याकडे वर्षभर कुठला ना कुठला उपास चालूच असतो, आणि घरात अडीच ते सहा वर्षांचं पोर असेल तर त्या दिवशी त्याला मोबाईल देऊन बाहेर बसवू नका, किचनमध्ये घ्या. रोजच्या स्वयंपाकात घाई असते, दहा मसाले असतात. उपासाला मोजून पाच-सहा वस्तू, त्यातल्या बऱ्याच हाताने चोळायच्या, सोलायच्या, दाबायच्या, म्हणजे लहान हातांना जमणाऱ्या. आणि बडबडगीतासाठी एवढं पुरतं. पोराला उपास मात्र करायला लावायचा नाही हं, त्याचं वरण-भात, दूध वेळेवर झालंच पाहिजे, उपासाचं खाणं त्याने हौसेने खावं एवढंच.

सुरुवात आदल्या रात्रीपासून करा. साबुदाणा दोन-तीनदा धुवायचा, धुवायला पोराचे हात घ्यायचे, मग पाणी दाण्यांच्या जेमतेम वर येईल एवढंच ठेवून झाकायचं. जास्त पाणी राहिलं तर खिचडीचा गोळा होतो. भिजवताना हे म्हणा, चाल तुमची तुम्ही लावा:

साबु साबु साबुदाणा,
पाण्यामध्ये भिजला ना!
रात्री होता एवढासा,
सकाळी झाला केवढासा!

"एवढासा"ला बोटांची चिमूट, "केवढासा"ला हात पसरायचे. सकाळी झाकण पोरालाच काढू द्या आणि एक दाणा अंगठा आणि बोटात दाबायला सांगा, सहज चिरडला तर भिजला, मध्ये कडक कणी लागली तर पाण्याचा हबका मारून अजून अर्धा तास ठेवा. मोठं-छोटं, कडक-मऊ, काल-आज हे सगळे शब्द त्या एका भांड्यात येतात, वेगळं शिकवावं लागत नाही. कोरडे दाणे मात्र पोराच्या हातात एकट्याने सोडू नका, नाकाकानात घालतात.

आता गाणं म्हणायची पद्धत, कारण खरी गंमत इथे आहे. पहिल्या दोन-तीन वेळा पूर्ण म्हणा, मग ओळीचा शेवटचा शब्द खाऊन टाका. "पाण्यामध्ये भिजला..." म्हणून थांबा, पोराकडे बघा, वाट बघा. ते "ना!" म्हणून ओरडतं. यमकामुळे पुढचा शब्द त्याला आधीच कळलेला असतो, आणि शब्दांचे आवाज असे कानाने पकडता येणं हीच पुढे वाचायला शिकायची पहिली पायरी असते. व्हिडिओतलं गाणं तुमच्या पोरासाठी थांबत नाही, तुम्ही थांबता, म्हणून तुमचा आवाज बेसूर असला तरी तोच चांगला, हे मी अगदी मनापासून सांगते. पोराने "भिजला"चं "भिदला" केलं तरी टोकू नका, पुढच्या वेळी तुम्ही नीट म्हणा, बास.

मग टाळ्या. सा-बु-दा-णा चार टाळ्या, र-ता-ळं तीन, शिं-गा-डा तीन, भ-गर (म्हणजे वरई) दोन. राजगिऱ्याला कागदावर अक्षरं चार पण तोंडाने राज-गि-रा म्हणून टाळ्या तीनच, आणि आपण तोंडातला आवाजच मोजायचा, अक्षरं नंतर शाळेत येतीलच.

माझा सगळ्यात आवडता खेळ म्हणजे "चालतं का". तुम्ही विचारायचं, पोराने ओरडून उत्तर द्यायचं:

साबुदाणा चालतो का? चालतो, चालतो!
वरई चालते का? चालते, चालते!
रताळं चालतं का? चालतं, चालतं!
पोळी चालते का? नाही, नाही, नाही!

यात दोन कामं होतात. एक म्हणजे वस्तूंचे गट करणं, हे उपासाचं, हे नाही. दुसरं म्हणजे तो-ती-ते. साबुदाणा चालतो, वरई चालते, रताळं चालतं, हे मोठं झाल्यावर मराठी शिकणाऱ्याला किती अवघड जातं बघा, पण चार वर्षांचं पोर खेळता खेळता बरोबर बोलायला लागतं, विशेषतः इंग्लिश मीडियमला जाणारी किंवा परदेशात वाढणारी मुलं ज्यांच्या कानावर मराठी कमी पडतं त्यांच्यासाठी तर हा खेळ रोज खेळा. कोथिंबीर, जिरं यावर घराघरात वेगळे नियम असतात, तिथे पोराला आजीकडे विचारायला पाठवा, "आजी, कोथिंबीर चालते का?" म्हणजे अजून एक वाक्य झालं.

शेंगदाणे तुम्ही भाजा, पूर्ण गार झाले की पोराला कापडावर चोळायला द्या, फोलपटं निघतात आणि मग फुंकर मारायला जाम मजा येते. असं चोळून, चिमटीत धरून बोटांना ताकद येते, पुढे पेन्सिल धरताना तीच लागते. पण अख्खे दाणे घशात अडकू शकतात, त्यामुळे चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना कूटच द्यायचं आणि चोळताना तुम्ही शेजारी बसायचं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल तर हे कामच नको.

रताळं किंवा बटाटा उकडून कोमट झाल्यावर सोलायला द्या आणि हे म्हणा:

रताळं उकडलं गरम गरम,
बोट लावलं नरम नरम,
साल त्याची सोल सोल,
चकत्या झाल्या गोल गोल!

मग पोराला म्हणा आता बटाट्याचं गाणं कर. "बटाटा उकडला" असं ते स्वतःच बदलतं आणि जिथे बदलत नाही तिथे तुम्ही हळूच म्हणून दाखवा. केळ्याला "उकडलं" बसत नाही हे त्याच्या लक्षात आलं की ते जे काही विचित्र जोडेल ते जोडू द्या, अर्थ नसला तरी चालेल, बडबडगीतच आहे ते.

राजगिरा हे उड्या मारायचं गाणं. गरम कढईत राजगिऱ्याचा दाणा तडतडून फुटतो आणि पांढरी लाही होते, हे पोराला लांबून दाखवा, मग हॉलमध्ये येऊन उकिडवं बसवा, "छोटासा दाणा, कढईत गेला, गरम झाला, गरम झाला..." हळूहळू आवाज वाढवत न्यायचा आणि "फुट्ट!" म्हटलं की उडी. हे किमान दहा वेळा करावं लागतं, तयारी ठेवा.

गॅसचं काम तुमचंच. खिचडीसाठी तुपात जिरं, उकडलेल्या बटाट्याच्या फोडी, मग कूट-मीठ-साखर लावलेला साबुदाणा, आणि दाणे पारदर्शक दिसायला लागले की थांबायचं, जास्त परतलं की चिवट होते. मिरची शेवटी घाला, त्याआधी पोराची वाटी बाजूला काढा. साबुदाणा म्हणजे बहुतेक सगळं स्टार्चच, तेव्हा सोबत दही किंवा दूध द्या. उघड्यावरची भगर घेऊ नका, बंद पाकिटातलीच घ्या, तारीख बघा आणि तिचं पीठ दळून फार दिवस ठेवू नका, बुरशी लागलेल्या भगरीतून विषबाधा झाल्याच्या घटना आपल्या राज्यात झाल्या आहेत आणि लहान मुलांना तो त्रास जास्त होतो.

आसपासच्या साध्या वस्तू घेऊन मुलांना शिकवायचं हे आपल्याकडे नवीन नाही, शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी 1945 साली पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढे ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी जवळच्या कोसबाडला ते वाढवलं, तेही महागड्या साधनांवर न अडता. 2020 च्या शैक्षणिक धोरणातही 3 ते 8 वर्षं हा पायाभूत टप्पा धरलाय आणि त्यात खेळ, गाणी, घरची भाषा यावरच भर आहे.

संकष्टीला चंद्रोदय उशिरा असतो, पोराला आधी जेवू घाला, जागं राहिलं तर चंद्र बघायला गच्चीवर न्या. नवरात्रात नऊ दिवस मिळतात, रोज एकच वस्तू घ्या, एकच गाणं, आणि कालचं आज परत म्हणा. महाशिवरात्रीला बाजारात कवठं आली की एक आणून फोडायच्या आधी पोराच्या कानाजवळ हलवून बघा आणि वास घ्यायला द्या. कवठाचं गाणं मी देत नाही, ते पोरालाच करू दे.